हाताने तीन हात

"ब्रशने?"

मे महिन्यापासून हा प्रश्न मला एकवीस जणांनी विचारला आहे. मी मोजले आहेत. त्यांत माझा दंतवैद्य आहे, कन्येच्या व्हायोलिनच्या बाई आहेत, आणि दुसऱ्या कुणाचं तरी पार्सल घेऊन चुकून आमच्या दारात आलेला एक गृहस्थ आहे. मी "हो" म्हटलं की प्रत्येक जण खात्री करून घेतो, "म्हणजे हाताने?" मी अजून तरी ब्रश पायात धरलेला नाही. पण मी सभ्य माणूस आहे. बेचाळीस वेळा होकार दिला आहे.

रंगवायची वस्तू म्हणजे चासी. साधी चासी नव्हे, मी स्वतः कापून, जोडून, वेल्डिंग करून घरच्या गॅरेजमध्ये उभी केलेली हॉट रॉडची चासी. मी डेट्रॉइटच्या ईशान्येला, लेक सेंट क्लेअरपासून जवळ राहतो. इथे शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये गाडी उघडून पडलेली दिसली तर कोणी भुवई उंचावत नाही. भुवया राखून ठेवलेल्या असतात त्या ब्रशसाठी.

हॉट रॉड म्हणजे काय, हे आईला व्हिडिओ कॉलवर तीनदा सांगून झालं आहे, त्यामुळे आता ते मला थोडक्यात जमतं. जुनी गाडी घ्यायची, चालायला लागत नाही ते सगळं तिच्यातून काढून टाकायचं आणि उरलेल्या गाडीत तिला झेपणार नाही असं इंजिन बसवायचं. नाकापेक्षा मोती जड, आणि तोही मुद्दाम. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी 1930 च्या दशकात हा उद्योग आरंभला. म्युरॉक, एल मिराज अशा आटलेल्या तळ्यांच्या सपाट तळांवर ते या गाड्या पळवत. 1937 साली त्यांनी वेळ मोजायला रीतसर संघटना काढली, आणि जानेवारी 1948 मध्ये 'हॉट रॉड' नावाचं मासिकच निघालं. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "चासी म्हणजे सांगाडाच ना? मग सांगाड्याला कसला रंग?"

मूळ प्रश्न हाच आहे, आणि तो साताऱ्याहून आला याचं मला वाईट वाटतं.

माझी गाडी ज्या घराण्यातली आहे त्याला टी-बकेट म्हणतात. फोर्डच्या मॉडेल टीचं बादलीसारखं दिसणारं अंग वर, आणि खाली घरगुती चासी. खरी मॉडेल टी 1908 ते 1927 या काळात दीड कोटींच्या घरात निघाली. पहिल्या गाड्या जिथे बनल्या तो पिकेट अॅव्हेन्यूचा कारखाना आमच्या घरापासून गाडीने फार लांब नाही, आता तिथे संग्रहालय आहे. माझं अंग मात्र फायबरग्लासचं आहे आणि ते खोक्यातून आलं. चासी दोन बाय तीनच्या बॉक्स पाईपची, एक अष्टमांश इंच जाडीची. त्या गाडीतलं माझ्या घामाचं असं एवढंच. सासरे, म्हणजे नाना, सहा महिन्यांच्या व्हिसावर आले आहेत. माझ्या सगळ्या व्याख्यानातला त्यांनी 'बादली' हा एक शब्द लक्षात ठेवला. सकाळी चहाच्या वेळी ते विचारतात, "काय जावईबापू, बादलीचं कुठवर आलं?"

स्प्रे का नाही, हा प्रश्न रास्त आहे. मी स्प्रे करून पाहिला होता. गेल्या वर्षी पुढचा आस स्प्रेच्या डब्याने काळा केला, गॅरेजचं दार उघडं ठेवून, कारण डब्यावर हवा खेळती ठेवा असं लिहिलं होतं. हवा खेळली. खेळत खेळत ती शेजाऱ्याच्या पांढऱ्या गाडीपर्यंत गेली. शेजारी चाळीस वर्षं मोटार कारखान्याच्या रंगशाळेत काढून निवृत्त झालेला माणूस. त्याने बॉनेटवरून तळहात फिरवला, बोटं एकमेकांवर घासली आणि "हं" म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं. पुढचे दोन शनिवार मी त्याच्या गाडीवर चिकणमातीची वडी फिरवत होतो आणि तो खुर्ची टाकून, हातात लिंबू सरबत घेऊन माझ्याशी बेसबॉलबद्दल बोलत होता.

कंप्रेसर आणि गन घेऊन दोन घटकांचा चांगला रंग मारावा, तर त्यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसात गेलं तर माणूस कायमचा दमेकरी होऊ शकतो, म्हणून बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा घालावा लागतो. असा मुखवटा घालून, पांढऱ्या पोशाखात, मी आमच्या गल्लीत उभा राहिलो असतो तर सोसायटीचं पत्र आलं असतं. सोसायटीची पत्रं तशीही येतात. ग्राइंडरच्या आवाजाबद्दल एक आलं, गॅरेजचं दार 'अवाजवी काळ' उघडं राहिल्याबद्दल एक आलं. ब्रशबद्दल अजून आलेलं नाही. ब्रश आवाज करत नाही, उडत नाही, कुणाच्या फुप्फुसात जात नाही. त्याचा त्रास फक्त धरणाऱ्याला.

शिवाय ब्रश हा काही माझा शोध नाही. सुरुवातीच्या काळात मोटारी घोडागाड्यांसारख्याच रंगवत. ब्रशने हातावर हात, मध्ये घासणं, वर वार्निश, आणि एक गाडी वाळून बाहेर पडायला आठवडेच्या आठवडे. फोर्डला एवढा धीर कुठला! त्याने भाग टाकीत बुडवून भट्टीत वाळवायला घातले आणि 1914 पासून 1925 पर्यंत मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली. पुढे 1924 च्या ओकलंड गाड्यांवर ड्यूको लॅकर आलं, ते गनने मारता येई आणि झटपट वाळे, तेव्हा कुठे ब्रशची नोकरी गेली. हा इतिहास मी "ब्रशने?" विचारणाऱ्या एकवीस जणांपैकी चौघांना ऐकवला. उरलेल्या सतरांना घाई होती.

रंगकामात रंग हा अगदी शेवटचा आणि किरकोळ भाग असतो, हे कोणी आधी सांगत नाही. नव्या पाईपवर कारखान्यातून आलेला काळसर पापुद्रा असतो. त्याच्यावर रंग मारला तर रंग पापुद्र्याला धरतो आणि पापुद्रा पाईप सोडतो. म्हणून तो घासायचा. वेल्डिंगचे उडालेले मणी छिन्नीने काढायचे. काही जोड मी शिकत असताना केलेले आहेत, ते तर चिखलात चाललेल्या कोंबडीच्या पायांसारखे आहेत, ते ग्राइंडरने सारखे करायचे. मग तेल काढायचं, एका फडक्याने ओलं पुसायचं आणि सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचं. त्यानंतर चासीला उघड्या हाताने शिवायचं नाही, कारण हातालाही तेल असतं. एवढं सगळं झाल्यावर घरातलं माणूस गॅरेजमध्ये येतं, चासीवर तळहात टेकतं आणि विचारतं, "जेवायला कधी येतोस?"

नानांचं म्हणणं वेगळं होतं. नाना नाशिकला बांधकाम खात्यात होते, आणि घराच्या खिडक्यांचे ग्रिल त्यांनी दर दोन दिवाळ्यांनी स्वतः रंगवलेले आहेत. "वायर ब्रश मारायचा, रेड ऑक्साईडचा एक हात, वर ऑइल पेंटचा एक हात. दुपारी जेवायच्या आत चार खिडक्या." मी एपॉक्सी अस्तराचे दोन भाग मोजून कालवले आणि ते अर्धा तास तसंच ठेवून दिलं. तेव्हा त्यांनी विचारलं, "आता काय?" म्हटलं, "मुरतंय." नानांनी मान हलवली. लोणचं मुरतं, हे त्यांना मान्य आहे.

डब्यावर लिहिलेलं असतं, 70 अंश फॅरनहाइट आणि 50 टक्के आर्द्रतेला रंग अमुक तासांत वाळतो. म्हणजे साधारण 21 अंश सेल्सियस. असा दिवस मिशिगनमध्ये असतो. यंदा तो एकदा आला, कन्येच्या शाळेच्या समारंभाच्या दिवशी, सकाळी दहा ते दुपारी तीन. बाकी मे थंड आणि जून दमट. शिवाय धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान 5 अंश फॅरनहाइटने वर पाहिजे, नाहीतर न दिसणारं दव पाईपवर बसतं आणि रंग त्या दवाला चिकटतो. म्हणून मी सकाळ-संध्याकाळ दवबिंदू बघू लागलो. फोनवर दवबिंदू, हातात धातूचं तापमान बघायची बंदूक. शेवटी नाना म्हणाले, "त्यापेक्षा मी पंचांग देतो, त्यात मुहूर्त तरी असतात."

एका बुधवारी संध्याकाळी मुहूर्त लागला. अस्तराचा हात झाला. करडा, निर्विकार, सरकारी इमारतीसारखा. तक्रारीला जागा नाही. मग काळा.

काळा रंग चकचकीत असेल तर तो काहीही झाकत नाही, उलट भिंग लावून दाखवतो. अस्तराखाली जे वेल्डिंग बरं दिसत होतं ते काळ्याखाली पुन्हा कोंबडीचे पाय झालं. कोळसा उगाळावा तितका काळा, ही म्हण ज्याने केली त्याने नंतर पॉलिशपेपर मारला नसणार.

ब्रशच्या केसांबद्दल मला दोन शब्द बोलायचे आहेत. स्वस्त ब्रशचे केस गळतात, म्हणून मी महाग आणला. महाग ब्रशचे केसही गळतात, पण उच्च दर्जाचे. केस रंगात दिसला की तो ओला असतानाच काढावा लागतो, आणि काढायला गेलं की बोटाचा ठसा उमटतो. ठसा मोडायला ब्रश फिरवला की दुसरा केस. ओल्या रंगाकडे परत जायचं नाही, कड ओली आहे तोवर पुढे जात राहायचं, हा नियम मला पाठ आहे. दहा मिनिटांनी कोपऱ्यात ओघळ दिसतो. तो तसाच वाळू द्यायचा, मग ब्लेडने तासायचा, मग पाणी लावून 600 नंबरचा पेपर मारायचा, हेही मला पाठ आहे. तरी मी दर वेळी त्या ओघळाला बोट लावलेलं आहे. जगात असा माणूस मी पाहिलेला नाही जो लावणार नाही.

जूनमध्ये लेक सेंट क्लेअरमधून फिशफ्लाय नावाचे किडे निघतात. पाण्याखाली ते वर्षभराहून अधिक काढतात, मग पंख फुटून एक-दोन दिवस बाहेर जगतात. त्या दिवसांत त्यांना तोंडही नीट नसतं, कारण खायचंच नसतं. दिव्याभोवती जमायचं, जोडी जमवायची, अंडी घालायची आणि संपायचं. रस्त्यांवर त्यांचे थर पडतात. जवळच्या न्यू बाल्टिमोर गावात त्यांच्या नावाने उत्सवही भरतो. निसर्गाचा चमत्कार म्हणून मला त्याचं कौतुक आहे. माझं म्हणणं एवढंच, की ज्याला आयुष्यात बाहेरचा एकच दिवस मिळाला आहे त्याने तो माझ्या पुढच्या आडव्या पाईपवर, ओल्या रंगात, पंख पसरून का घालवावा? सात जणांनी घालवला.

चासी घोड्यांवर ठेवलेली असल्यामुळे वरची बाजू झाली की ती उलटवावी लागते. वजन साठ-सत्तर किलो. एकट्याने उलटवली तर रंग खरचटतो, म्हणून चार मित्र बोलावले. चौघांनी अट घातली, वडापाव. त्यात काही गैर नाही. पण ते आधी वडापाव खाऊन मग चासीकडे आले. हातमोजे मी दिले होते. दोघांनी घातले. तेलाचे ठसे मागच्या डाव्या कोपऱ्यावर अजून ओळखता येतात, त्यातला एक चटणीचा असावा.

इथल्या रंगाऱ्यांच्या बोलीत रंग लागायचा राहून गेलेल्या ठिपक्याला 'हॉलिडे' म्हणतात. रंगाऱ्याने तिथे सुट्टी घेतली. मी चासीसाठी कचेरीतून आठ दिवसांची सुट्टी काढली आणि त्यातले तीन दिवस पाठीवर पडून, डोक्याला दिवा बांधून, चासीतल्या सुट्ट्या शोधण्यात घालवले. पाईपच्या आतल्या कोपऱ्यात, ब्रॅकेटच्या मागे, बोल्टच्या भोकाच्या कडेला. चौदा सापडल्या. पंधरावी नानांनी आरामखुर्चीतून, चष्मा न लावता दाखवली.

खालच्या बाजूचा एवढा सोस का, हे मी घरी समजावून सांगितलं होतं. आमच्या डेट्रॉइटच्या खालीच, सुमारे बाराशे फुटांवर, मिठाची खाण आहे. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात आणि ते मीठ गाड्या खालून खातं. हिने सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाली, "पण तू ही गाडी हिवाळ्यात काढणारच नाहीस ना?"

नाही काढणार. हॉट रॉड हिवाळ्यात कोणीच काढत नाही.

शेवटच्या हाताच्या दिवशी मी सकाळी लवकर उठून गॅरेजची जमीन ओली केली, धूळ बसावी म्हणून. दुपारी दोनला शेवटचा पाईप संपला. केस नाही, किडा नाही, ओघळ एकच, तोही न दिसणाऱ्या जागी, आणि त्याला मी बोट लावलं नाही. हात धुवायला आत गेलो. परत येतो तर नाना मधल्या आडव्या पट्टीपाशी उभे. उजव्या हाताची तर्जनी काळी. पट्टीवर, ओल्या रंगात, सुबक वळणाचं 'श्री'.

"नवी गाडी आहे," नाना म्हणाले. "कोणीतरी काढायलाच हवं होतं."

ओघळ कसा काढायचा हे सगळ्या पुस्तकांत आहे. केस, किडा, ठसा, सुट्टी, सगळ्यांवर उपाय आहेत. ओल्या रंगात सासऱ्यांनी काढलेलं 'श्री' 600 नंबरच्या पेपरने घासावं की नाही, याबद्दल कुठेही काही लिहिलेलं नाही. मी हिला विचारलं. हिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. 'श्री' तिथेच आहे.

चार दिवसांनी शेजारी आला. रंगशाळेतला माणूस. त्यांच्याकडे गाडीचं अख्खं अंग टाकीत बुडवायचे, वीज सोडायचे आणि दोन-तीन मिनिटांत सगळीकडे सारखा थर. हे त्याने मला यापूर्वी पाच वेळा सांगितलेलं आहे, बहुधा मी पाठीवर पडून ब्रॅकेटच्या मागे ब्रश घालत असताना. तो चासीभोवती एक पूर्ण फेरी मारून आला. पुढचा पाईप बघितला, काही बोलला नाही. कोपरे बघितले, काही बोलला नाही. मधल्या पट्टीशी थांबला, वाकला, चष्मा कपाळावर सरकवला आणि मनापासून म्हणाला, "हे सुरेख आहे. पिनस्ट्राइपिंग कोणाकडून करून घेतलंस?"

इथे मला माझी खरी तक्रार नोंदवायची आहे. हॉट रॉडवाल्यांत पिनस्ट्राइपिंगला, म्हणजे गाडीवर ब्रशने बारीक रेघा ओढण्याला, फार मान आहे. व्हॉन डच या नावाने केनेथ हॉवर्ड नावाचा माणूस त्यापायी आख्यायिका होऊन बसला. तलवारीच्या पात्यासारखा लांब केसांचा ब्रश, हात स्थिर, श्वास रोखलेला, भोवती गर्दी. तिथे कोणी "ब्रशने?" असं विचारत नाही. कोणी "म्हणजे हाताने?" म्हणत नाही. हाताने एक रेघ ओढली तर कला. हाताने संपूर्ण चासी रंगवली, आत-बाहेर, खाली-वर, बोल्टच्या भोकांच्या कडांसकट, तर माणूस कंजूस. रेघेची रुंदी किती वाढली की कलेचा कंजूसपणा होतो, हे मी शेजाऱ्याला विचारलं. तो "हं" म्हणाला.

नानांनी मात्र प्रश्नाचं उत्तर दिलं. तर्जनी वर करून दाखवली. तिच्या नखात अजून थोडा काळा रंग होता. शेजाऱ्याने त्यांच्याशी हस्तांदोलन केलं. दोघांची एकमेकांशी समान भाषा फक्त बोटाची, तरी अर्धा तास गप्पा झाल्या. आता नानांकडे कामाची मागणी आहे. शेजाऱ्याच्या एका मित्राच्या 1951 च्या मर्क्युरीवर तसंच 'डिझाइन' हवं आहे. नानांनी हो म्हटलं आहे, पण गणपतीनंतर.

12 ऑक्टोबरला रविवारी चासीवर अंग चढवायचं आहे. त्यानंतर पुढचे अडीच फूट सोडले तर चासीतलं काहीही कोणाला दिसणार नाही, 'श्री' तर गिअरबॉक्सच्या बरोबर खाली जाईल. ज्यांना चासी बघायची असेल त्यांनी त्या रविवारच्या आत यावं. बघायला पाठीवर झोपावं लागतं, चटई गॅरेजमध्ये आहे. रविवारी उचलायला चार जण हवेत. वडापाव आहे, पण उचलून झाल्यावर.